विहीर गोड झाली ते साल

मंगळवारी डाळ शिजली नाही. तेवढंच झालं. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्यावर अन्नपूर्णानं झाकण उघडलं, पळीनं दाबून पाहिलं आणि पुन्हा गॅस लावला. आणखी चार शिट्ट्या झाल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत होते आणि प्रत्येक शिट्टीला माझा हात थांबत होता. दुसऱ्यांदा झाकण निघालं तेव्हा वाफ विरायची वाट न पाहता मी उठून आत डोकावले. दाणा न् दाणा वेगळा होता, कडा शाबूत, वर पातळ पिवळट पाणी. अन्नपूर्णा म्हणाली, डाळ जुनी असेल. डाळ जुनी नव्हती. यंदाच्या तुरीची होती, आमच्याच शेतातली, माझ्यासमोर भरडलेली. मग ती हसून म्हणाली की आता तरी नळाच्या पाण्यात शिजवू द्या, आख्खं खामगाव त्याच पाण्यात वरण करतं. माझी सून वाईट नाही. पंधरा वर्षं तिनं माझा हा हट्ट सांभाळला आहे. गावाकडून, वरवट बकालच्या पलीकडून, आमच्या विहिरीचं पाणी दर सोमवारी वीस लिटरच्या कॅनमध्ये एस.टी.नं येतं, मुलगा गजेंद्र शाळेत शिकवायला जायच्या आधी स्टँडवरून ते घेऊन येतो, आणि ते फक्त वरणाला आणि माझ्या पिण्याला वापरायचं. मी पेला घेतला, कॅनमधलं पाणी ओतलं आणि एक घोट जिभेवर ठेवला. ठेवला, गिळला नाही.

आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी असंच बघतात. खारं पाणी जिभेच्या टोकाला काही सांगत नाही. ते मागे सांगतं, जीभ जिथं संपते आणि घसा सुरू होतो तिथं. तिथलं मांस जरा आवळून येतं, एखाद्या अनोळखी माणसाचा हात लागावा तसं. हे मला माझ्या आजीनं शिकवलं, माहेरी, पूर्णा नदीच्या काठी. आमच्याकडे मुलगी द्यायला गेलेले लोक घर बघत नसत, जमीन नंतर बघत, आधी वरण मागत. वरण घोटलेलं आलं तर पाणी गोड. दाणे दिसले की मुलीचा बाप ताटावरून उठताना मुलाकडच्यांना नमस्कार करायचा, पण बैठकीला पुन्हा बसायचा नाही. हुशार माणसं पाहुण्यांसाठी दुसऱ्या गावाहून पाणी आणून वरण करत, म्हणून आणखी हुशार माणसं आपली मूठभर डाळ धोतराच्या सोग्यात बांधून नेत. सासरी आल्यावर हे काम हळूहळू माझ्याकडे आलं. कोणी नवी विहीर खणली, बोअर मारला, की कळशीभर पाणी माझ्या ओट्यावर यायचं. मी आधी जिभेवर घ्यायची, मग मूठभर तूर शिजवून बघायची, आणि मग सांगायची. मी सांगितलं की ते झालं. कागदापेक्षा लोक त्याला जास्त मानत.

त्या मंगळवारी घसा आवळून आला तो इतका जोरात, की मी मोरीत थुंकले. अन्नपूर्णा पाठीवर हात फिरवायला धावली. मी तिला म्हटलं, मला फोन लावून दे गोपालला. गोपाल आमची जमीन बटईनं करतो. त्याच्या वडिलांनीही केली. त्यानं फोन उचलला, मागं पंपाचा आवाज येत होता. मी विचारलं, विहिरीला काय झालं. तो म्हणाला, "काकू, काकांनी तुमाले सांगतलं नाई का? दिवाळीनंतर कालव्याले अस्तर लावलं. सिमेंट, खाली प्लास्टिक. तवापासून विहीर फिरली. आता ढोरंही तोंड लावत नाई." मी म्हटलं, अरे पण गेल्या सोमवारपर्यंत तर चांगलं येत होतं. मग त्यानं हळूहळू सांगितलं. चार महिने तो कॅन गावातल्या फिल्टरवर भरत होता. काकांनी तसंच सांगून ठेवलं होतं, काकूला कळू देऊ नको म्हणून. परवा फिल्टरची मशीन बंद पडली, आणि सोमवारची गाडी तर निघणार, तेव्हा त्यानं विहिरीचंच भरलं. त्याला वाटलं, एक दिवस काय होतं. मी विचारलं, आणि अस्तर लावल्यानं विहीर कशी फिरेल? ती तर झऱ्याची आहे. पलीकडे पंप बंद झाला. गोपाल म्हणाला, "काकू, झरा नव्हताच तो. कालव्याच्या मोरीपाशी बांध खोदला तर खापराचे नळ निंघाले, तुमच्या विहिरीकडे जाणारे. नऊ. एकाले एक बसवेल, सांध्याले बारदान. कोणाचे ते सारं गाव जाणते. तुमीच जाणत नाई म्हणता तर मी काय बोलू."

हे बाहेरच्या खोलीत भिंगातून पेपर वाचत होते. मधलं दार उघडं होतं. माझं बोलणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेलं असणार. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी पान उलटलं. छप्पन वर्षांत मी माझ्या नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, उखाण्यातले चार-दोन प्रसंग सोडले तर. मनातही ते 'हे'च होते. त्या पान उलटण्याच्या आवाजानंतर मनात पहिल्यांदा ते नाव उमटलं, परक्या माणसाचं उमटावं तसं: नारायणराव. आणि मग ते तसंच राहिलं. नारायणराव कालव्यावर पाटकरी होते. पाण्याच्या पाळ्या सोडायच्या, दारं उघडायची, बंद करायची, बांधावरून सायकलनं फिरायचं, कुठं फुटलं, कुठं झिरपतंय ते बघायचं. खाकी शर्ट होता. कोणी आपल्या शेताकडे चोरून पाणी वळवलं तर नारायणराव त्याला ओळख दाखवत नसत, सख्ख्या चुलतभावावर त्यांनी रिपोर्ट केला होता. त्या रिपोर्टाचा मला अभिमान होता. माहेरी गेले की मी तो किस्सा सांगायची.

कालवा चौऱ्याऐंशी साली आला. त्याआधी आमच्या शेतातली विहीर होती ती सासऱ्यांनी खणलेली, चाळीस हात, आणि खारी. भांडी घासायलासुद्धा नको वाटायची, तांब्यावर पांढरी साय धरायची. पिण्याचं पाणी मी अडीच-तीन किलोमीटरवरून आणत होते, दिवसाला चार खेपा. चुंबळीखाली टाळूवरचे केस गेले होते, रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती, आणि मी पदर पुढं ओढून ती झाकायची. वयानं मी तेव्हा तिशी ओलांडली होती. मग शहाऐंशीच्या वैशाखात, कालवा कोरडा असताना, नारायणराव आणि आमचा गडी कडूबा आठवडाभर शेतात काम करत होते. विहीर आणखी पाच हात खाली नेली, गाळ वर काढला. मी दुपारी भाकरी घेऊन जायची. दसऱ्यानंतर कालव्याला पाणी सुटलं, आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस नारायणराव घरी आले ते धावतच. म्हणाले, चल, झरा लागला. विहिरीवर गावातली दहा-पंधरा माणसं जमलेली. कडूबानं पोहरा काढला. नारळ माझ्या हातून फोडवला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझ्याशिवाय ते कोण सांगणार. मी घोट जिभेवर ठेवला. घसा मोकळाच राहिला. मी म्हणाले, गोड. आणखी एक चव होती त्या पाण्याला, पण तिच्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. माणसं ओरडली, कडूबा मातीत बसून रडला. त्या दिवशी मी माझ्या विहिरीतून घागर भरली आणि तीनशे पावलांत घरी आले. तीनशे पावलं मी मोजली होती.

तेव्हापासून आमची विहीर गावाची झाली. सकाळी रांग लागायची. लग्नाच्या घरून बैलगाडी यायची पिंपं घेऊन. मी ओट्यावर उभी राहून कोणाला नाही म्हणायची नाही, आणि कोणी हात जोडले की म्हणायची, माझं काय, झऱ्याची कृपा. बायका म्हणायच्या, नारायणरावांच्या कष्टाला देव पावला. मी मान हलवायची. त्या मान हलवण्याची मला आज लाज वाटते ती वेगळी, पण त्या मंगळवारी दुपारी, न शिजलेल्या डाळीचा कुकर तसाच ठेवून, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले तेव्हा लाज नव्हती. तेव्हा फक्त एक पोकळ अशी चीड होती. चाळीस वर्षं मी ज्याच्यावर उभी होते ते कोणी तरी खालून बसवलेलं निघालं, बारदान कोंबून, आणि गावात सगळ्यांना माहीत. कडूबाला माहीत. त्याच्या रडण्याचा अर्थ आता काय लावायचा. रांगेतल्या बायकांतल्या कितींना माहीत होतं, आणि त्या माझ्याकडे बघून काय हसत असतील घरी जाऊन. म्हणत असतील, पाटकऱ्याची बायको, जीभ केवढी लांब, आणि कालव्याचं पाणी झऱ्याचं म्हणून पिते.

पण हेही खरं की तिथवर राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पाणी चोरीचं होतं, पण पाणी होतं. मधे तानू नसती तर. तानुबाई माझ्या पाठची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिला गावातल्या गावातच दिली, म्हणून ती जन्मभर माहेरीच राहिली, नदीवर. आम्ही लहान असताना नदीच्या वाळूत झिरे करायचो. दोन्ही हातांनी वाळू उपसायची, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा, मग गुडघ्यांवर बसून वाट बघायची. गढूळ पाणी यायचं, ते उपसून टाकायचं, पुन्हा यायचं, ते निवळायचं. मग पालथं पडून ओठ लावून प्यायचं. तानूचा झिरा नेहमी माझ्या आधी निवळायचा. तिचं म्हणणं होतं की मी घाई करते. कालवा आल्यावर सहा-सात वर्षांत त्या वाळूतलं पाणी बदललं. आधी उन्हाळ्यात, मग बारा महिने. काठावर मिठाची पांढरी फुलं धरायला लागली, बाभळी वाळल्या, माहेरच्या विहिरी एकामागून एक खाऱ्या झाल्या. मी तिथं जायची ती घागर घेऊन, माझ्या विहिरीची. आहेर म्हणून बायका लुगडं नेतात, मी पाणी न्यायची. भावजया ते गाळून जपून ठेवायच्या. तानू ते प्यायची आणि काही बोलायची नाही.

मग तिच्या पायांवर सूज आली. अकोल्याला दाखवलं, किडनीचं निघालं. आमच्या भागात घराघरात ते आहे. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळंच असं म्हणता येत नाही. ती म्हणाली, येत नसेल. आणि एक दिवस ती माझ्या दारात उभी. मुलगी वंदना बरोबर होती, कॉलेजातली, आईचा दंड धरलेला. तानूनं ओसरीवर टेकत सांगितलं की ती दोन दिवस नदीनं वर चालत आली होती. शंभर-शंभर पावलांवर वाकून घोट घ्यायची आणि थुंकायची. ती म्हणाली, "बाई, तुह्या गावचा नाला उतरते ना, तिथून खारं सुरू होते. त्याच्या वर गोड हाये. म्या चाखलं. नाल्यानं वर आली तं खारं तुह्याच वावरापाशी थांबलं." मी तिला काय म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. माणसाला आपलं चांगलं बोलणं आठवत नाही, हे आठवतं. मी म्हणाले, "औषधं खाऊ खाऊ तुही जीभ मेली, तानू. तिले आता काय कळते." वंदना माझ्याकडे बघत राहिली. तानूनं चहा अर्धा ठेवला. ती उठली आणि पुढची तीन वर्षं आम्ही बोललो नाही. चौथ्या वर्षी तिच्या दहाव्याला मी पाण्याची घागर घेऊन गेले, स्वयंपाकाला. वंदनानं ती उतरवून घेतली, कोपऱ्यात ठेवली, आणि निघताना तशीच भरलेली माझ्या हातात दिली.

त्या दिवशी तानू आली तेव्हा नारायणराव ओसरीवर होते. हे मला पलंगावर पडल्या पडल्या आठवलं, आणि मी उठून बसले. दुसऱ्या टोकाला, सायकलची चेन काढून तिला तेल देत बसले होते. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं. माझं ऐकलं. हात पुसून त्यांनी चहाही घेतला. मी बाहेरच्या खोलीत गेले. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी विचारलं, तुम्ही होते ना तिथं. ते म्हणाले, होतो. मी म्हटलं, मग. ते बराच वेळ पेपराची घडी करत राहिले, बारीक, आणखी बारीक. म्हणाले, बोललो असतो तर नोकरी गेली असती. गजेंद्र तेव्हा शिकत होता. मग म्हणाले, एका नळानं काय नदी खारी होते का, आख्खा कालवा झिरपत होता, सगळीकडून. हे त्यांचं खरं असेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्यासाठीच केलं म्या ते. तुह्या डोक्यावरचे केस गेले होते." त्यांचा आवाज भरून आला होता. दुसरी एखादी त्या आवाजानं विरघळली असती. मला वाटलं, बघा, हेही यांनी माझ्या नावावर टाकलं. नळ माझ्यासाठी, चोरी माझ्यासाठी, आणि बहिणीला मी जे बोलले तेही माझंच. यांच्याकडे काय उरलं? सायकलला दिलेलं तेल.

बुधवारी गावाहून शंकररावांचा फोन आला. ते सरपंच. गुरुवारी तिथल्या शाळेत आमच्या आणि माझ्या माहेरच्या, अशा दोन्ही गावांची बैठक होती, कालव्याच्या खात्याकडून बाई येणार होत्या. अस्तराचं काम अर्धं झालं होतं, आमच्या शेतापर्यंत. पुढचे नऊ किलोमीटर राहिले होते. खालच्या, नदीकाठच्या गावांचं म्हणणं, तेही करा. आमच्या गावाचं म्हणणं, आहे तिथंच थांबवा, अस्तरानं आमच्या बापजाद्यांच्या गोड विहिरी घालवल्या, उरलेल्या तरी राहू द्या. त्यासाठी कोणी तरी सांगायला हवं होतं की या विहिरी आधीपासून गोड होत्या. शंकरराव हसत म्हणाले, "वहिनी, तुमची जीभ म्हंजे आमचा सातबारा. तुमी म्हनलं की झालं." नारायणराव समोर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, एवढं एकदा सांग. पहिलेपासून गोड. मग कोणी नळांचं नाव काढणार नाही. त्यांच्या बोलण्यात विनवणी होती आणि जुनी सवयही होती. मी फक्त विचारलं, गाडी किती वाजताची.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला खालचं. खालचे लोक काळीपिवळी जीप करून आले होते, पंधरा-वीस जण, त्यात वंदना. तिचे केस पांढरे झालेत, कानापाशी. तिनं मला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा हातातल्या वहीत बघू लागली. खात्याच्या बाईंचं नाव संजीवनी, गजेंद्रपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या मांडल्या आणि दोरीला बांधलेलं, मीठ मोजणारं एक यंत्र आत सोडलं. त्या सांगत होत्या ते मला कळत होतं. मीठ कोणी बाहेरून आणलं नाही, ते काळ्या जमिनीत खोल होतंच. कालवा झिरपला, खालचं पाणी वर चढलं, त्यानं मीठ उठवलं. कालव्याच्या अगदी लगत, जिथं झिरप ताजा असतो, तिथं विहिरी गोड झाल्या. पण ते पाणी पुढं सरकताना मीठ ढकलत नाल्यात गेलं, नाल्यातून नदीत. अस्तर लावलेल्या भागाखालचा नाला यंदा पहिल्यांदा आटलाय, आणि खालच्या गावच्या डोहातलं मीठ थोडं उतरलंय, थोडंच, पण उतरलंय. राहिलेले नऊ किलोमीटर झाले आणि शेतांतून निचऱ्याचे चर काढले तर आणखी उतरेल, वेळ लागेल. कोणी तरी विचारलं, किती वेळ. त्या म्हणाल्या, जितकी वर्षं बिघडायला लागली तितकी कदाचित.

मग आमच्या विमलबाई उठल्या. मी सून होऊन आले तेव्हा त्या परकरात होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मशीन खरं बोलते. पण माह्या नातसुनेनं आता पाणी डोक्यावर आनायचं का? नळाची योजना येईन येईन म्हनता, तिले किती वर्सं लागते तेही मशीनले इचारा." लोक हसले, खालचेसुद्धा. मीही हसले असते. विमलबाईंचा हात नकळत टाळूवर गेला होता, आणि मला वाटलं, खोटं सांगावं. या बाईसाठी सांगावं. वंदना उठली ती वही न उघडताच बोलली. म्हणाली, आमच्या गावात मागच्या दहा वर्षांत अमुक इतके गेले, नावं वाचत नाही, तुम्हाला माहीत आहेत, तुमच्यातल्या कित्येकांच्या बहिणी आणि मुली आमच्याकडे दिलेल्या आहेत. एवढंच बोलून ती बसली. तिचा आवाज तानूचा नाही. तो तिच्या बापाचा आहे, जाड आणि सपाट.

शंकररावांनी मला पुढं बोलावलं. खुर्ची दिली. नारायणराव पहिल्या रांगेत होते, काठीवर दोन्ही हात, हनुवटी हातांवर. संजीवनीबाई वाकून म्हणाल्या, आजी, तुमच्या शेतातली विहीर कधीपासून गोड आहे? मला वाटलं होतं की या क्षणी मला राग येईल आणि त्या रागात मी बोलून जाईन, नळ, बारदान, सायकल, सगळं. मी तेवढ्यासाठीच आले होते. दोन दिवस मी वाक्यं जुळवत होते, एस.टी.त ओठ हलत होते. पण राग आला नाही. आला तो वैशाख. भाकरीची टोपली घेऊन मी बांधावर चढले आहे, कडूबा चपापून उभा राहिला आहे, आणि बैलगाडीत कडब्याखालून खापरी नळाची तोंडं दिसताहेत, लाल, गोल, एकावर एक. मी विचारते, हे कशाला. नारायणराव म्हणतात, गोठ्याला मोरी करायची. मी भाकरी सोडते. गोठ्याला मोरी कधीच झाली नाही. दर पावसाळ्यात मी गुडघाभर शेणात उभी राहून पाणी काढायची, आणि एकदाही म्हणाले नाही, ते नळ कुठं गेले. दर वैशाखात कालवा बंद झाला की विहीर खारवट व्हायची, आणि मी रांगेतल्या बायकांना सांगायची, उन्हाळ्यात झरा दमतो. आणि तो पहिला घोट. झऱ्याचं पाणी गार असतं, दगडाचं असतं. ते पाणी कोमट होतं. त्याला शेवाळाचा वास होता आणि नव्या खापराचा. मला जी चव कोणी विचारली नाही ती ही.

मी म्हणाले, शहाऐंशीपासून. त्याआधी खारी होती. कालव्याला पाणी सुटलं आणि गोड झाली. आमच्या बाजूला कुजबूज झाली. कोणी तरी म्हणालं, म्हातारी घसरली. नारायणरावांनी हनुवटी उचलली नाही. संजीवनीबाई लिहून घेत होत्या. मी उठणार होते, तेवढ्यात खालच्या बाजूनं वंदनाचा आवाज आला. ती बसल्या जागेवरून विचारत होती, मोठ्यानं नाही.

"मावशी, तुले तवा कळलं नाई?"

नारायणरावांनी आता माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला सुटका दिसली, माझी. नाही म्हण, ते डोळे म्हणत होते, तुला कोणी सांगितलं नाही, मीच लपवलं, खरं आहे ते. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते बहुधा सगळ्यात मोठं काही होतं, आणि ते घ्यायला हात पुढं केला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

"कळलं होतं," मी म्हणाले. "पयल्याच घोटाले कळलं होतं, वंदना. तुही माय खरं बोलली होती."

संजीवनीबाईंनी विचारलं, हे लिहू का. मी म्हटलं, लिहा. मी सही केली, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची, प्रत्येक अक्षर वेगळं. त्यानंतर आणखी तासभर लोक बोलत होते, भांडलेही, पुढच्या नऊ किलोमीटरचा ठराव झाला की पुन्हा बैठक ठरली ते मला नीट ऐकू आलं नाही. माझ्या बाजूला बसलेल्या बायका सरकून लांब गेल्या होत्या. विमलबाई गेल्या नव्हत्या, पण त्या बोलतही नव्हत्या.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. नारायणराव फाटकापाशी गोपालच्या मोटरसायकलजवळ उभे होते. गोपाल आधी मला स्टँडवर सोडणार होता, मग त्यांना न्यायला परत येणार होता. ते म्हणाले, चाल. नेहमीसारखं म्हणाले. मला त्यांचा राग येत नव्हता. पण पाय तिकडे वळले नाहीत. दुसऱ्या बाजूला खालच्या गावची जीप उभी होती, इंजिन चालू, माणसं चढत होती, मागं दोन बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि दाराशी वंदना. ड्रायव्हर बाहेर डोकं काढून कोणाची तरी वाट बघत होता, कोणाची ते मला माहीत नव्हतं. कोणी मला हाक मारली नाही. मी शाळेचं पटांगण ओलांडून गेले आणि जीपच्या दांड्याला धरून पाय पायरीवर ठेवला. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी सरकलं नाही. मी तशीच उभी राहिले, एक पाय वर, एक खाली, दम लागलेला.

मग वंदनानं शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.